सीडीची वरची बाजू

नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या घराची मागची भिंत ट्रान्सपोर्टच्या गोदामाची होती. म्हणजे भिंत त्यांची, आणि तिला टेकून उभ्या केलेल्या दोन खोल्या आमच्या, त्याही भाड्याच्या. ट्रक मागे घेताना क्लीनर पत्र्यावर हात आपटत 'आने दो, आने दो' ओरडायचा आणि शेवटी 'बस्स' म्हणायचा, तेव्हा कुठे आमच्या मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या थांबायच्या. ब्रेकचा फुसकारा, ताडपत्रीची दोरी ओढणाऱ्या हमालांची हाक, आणि सगळ्या घरादाराला, अगदी वाळत घातलेल्या कपड्यांनाही डिझेलचा वास. या सगळ्याच्या वर आईचा आवाज असायचा. ती भाकरी थापताना गायची, वांगी चिरताना गायची, सांबारवडीसाठी कोथिंबिरीची जुडी निवडायला बसली की दोन-तीन गाणी सहज व्हायची. आम्ही घरात तिला कधी 'गा' म्हटलं नाही, कारण ती थांबलेली आम्हाला माहीतच नव्हती.

ही गाणी तिची नव्हती, तिच्या आईची होती. आजी भंडाऱ्याकडे विड्या वळायची आणि वळता वळता गाणी रचायची. जयंतीची गाणी, लग्नातली, बाळाला निजवायची. आजीला लिहिता येत नव्हतं. आईला येत होतं, चौथीपर्यंत शिकली होती, पण तिनंही कधी लिहून घेतली नाहीत. "तोंडातलं तोंडात ऱ्हाऊ दे वं. लिहिलं का मानूस वाचते, गात नाही," असं म्हणायची. आमच्या विहारात पौर्णिमेला खीर वाटून झाली की बायका तिला मधे बसवायच्या. ती पदर सावरायची, घसा खाकरायची, आणि मग तिच्या त्या जाड, जरा नाकातून येणाऱ्या आवाजात सुरू करायची. तो आवाज गोड नव्हता. आता कोणी गोड म्हणालं तर मला राग येतो. तो ठाम आवाज होता.

बाबा त्याच ट्रान्सपोर्टमध्ये बिल्टी, म्हणजे मालासोबत जाणारी पावती, लिहायचे आणि मालावर मार्का टाकायचे. प्रत्येक पोत्यावर, पेटीवर, गठ्ठ्यावर कुणाचं नाव, कोणतं गाव, किती नग, हे त्यांच्या हातचं असायचं. बिल्टीच्या एकाखाली एक चार प्रती, मधे कार्बन. वरच्या कागदावर असं दाबून लिहायचं की चौथ्या प्रतीवरही अक्षर उमटलं पाहिजे, कारण ड्रायव्हरच्या हातात शेवटची प्रत जायची आणि तीच पुसट असली तर माल भलतीकडे. वीस वर्षं असं लिहून त्यांच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता. घरी किराण्याची यादी लिहिली तरी कागदाच्या मागून हात फिरवला की अक्षरं लागायची. त्यांना स्वतःच्या अक्षराचा फार अभिमान होता आणि बिनमार्क्याच्या वस्तूचा फार तिटकारा. शाळेतला माझा डबा, छत्री, आईची वहाण, सगळ्यांवर नावं होती. "बिना मार्क्याचा नग म्हणजे हरवलेला नग," हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकले.

मी बी.ए.ला होते आणि नाक्यावरच्या एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळचा कोर्स करत होते. नवीनच आलेला सीडी-डीव्हीडी रायटर ही तिथली सगळ्यात मानाची वस्तू. सरांनी आम्हाला कोऱ्या डिस्कचे प्रकार शिकवले, तेव्हा मी वहीत रंगीत पेनांनी तक्ता काढला होता. सीडी-आर: एकदा लिहिली की लिहिली, पुसता येत नाही. सीडी-आरडब्ल्यू: पुसून पुन्हा लिहिता येते, पण जुन्या प्लेअरवर चालेलच असं नाही. डीव्हीडी-आर, डीव्हीडी प्लस आर: जागा सातपट, प्लस आणि मायनस हे दोन कंपूंचं भांडण, आपल्याला काय, रायटर दोन्ही घेतो. खालून निळसर दिसते ती आतल्या एका रंगद्रव्याची, हिरवट दिसते ती दुसऱ्याची, आणि सोनेरी दिसते ती सगळ्यांत टिकाऊ. लेझरनं तो रंग जागोजागी भाजायचा आणि त्या भाजलेल्या ठिपक्यांत सगळं साठवायचं. मला ते फारच आवडलं होतं. घरी जेवताना मी बाबांना हे सगळं समजावून सांगायची आणि बाबा भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकायचे. एकदा मी एक बाद झालेली सीडी घरी आणली आणि त्यांना दाखवली. "ही चमकती बाजू. इथं बोट लावायचं नाही, ही खाली घासून ठेवायची नाही, इथंच सगळं असतं." त्यांनी ती परातीतल्या गरम भाकरीसारखी कडेनं धरली आणि म्हणाले, "समजलं. चमकती बाजू सांभाळाची."

तिथंच सगळं असतं हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ती बाजू चमकते आणि प्लेअरही तिकडूनच वाचतो, त्यावरून मी ठरवून टाकलं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली पोरगी होते मी, आणि घरात मला अडवणारं कोणी नव्हतं.

आईचा आवाज बसला तेव्हा आम्ही महिनाभर हळद-दूध, ज्येष्ठमध केलं. मग गिळताना दुखायला लागलं. धंतोलीत एका दवाखान्यात दाखवलं, मग दुसऱ्या. सगळ्या विदर्भातली माणसं तिथल्या बाकांवर फायली मांडीवर घेऊन बसलेली असतात, त्यांत आम्ही तिघं. डॉक्टर वयानं मोठे होते, शांतपणे बोलले. गाठ स्वरयंत्रावर आहे, ते सगळंच काढावं लागेल, श्वासासाठी गळ्याला भोक राहील, जीव वाचण्याची आशा आहे, आवाज राहणार नाही. बाबांनी विचारलं, "थोडासा तरी?" डॉक्टरांनी नाही म्हटलं. बाहेर आल्यावर रसवंतीवर उसाचा रस घेतला, तो तिला गिळता आला नाही, माझ्या ग्लासात ओतला.

गाणी भरून ठेवायचं माझ्या डोक्यात आलं ते त्याच आठवड्यात. आजीची गाणी आईखेरीज कुणालाच पुरती येत नव्हती. विहारातल्या बायका मागून ओळी धरायच्या तेवढंच. मलाही धृपदंच येत होती. ऑपरेशनला आठ दिवस होते. आई तयार होईना. "आता फाटक्या आवाजाचं काय भरून ठेवून राहिली तू? चांगला होता तवा काहून नाही सुचलं?" तिचं खरंच होतं. आज माझ्या मोबाईलमध्ये भाजीवाल्याचा आवाज आहे, गॅसवाल्याचा आहे, 'पोचले का' विचारणाऱ्या दहा नातेवाइकांचा आहे. माझ्या आईचा नाही. तेव्हा आवाज धरून ठेवणं हा समारंभ होता, आणि समारंभाला आपण नेहमी उशिरा पोचतो.

शेवटी बाबांनी तिला मनवलं. कसं ते मला माहीत नाही. रविवारी दुपारी इन्स्टिट्यूट बंद असायचं, सरांनी माझ्यासाठी उघडलं. आईनं निळी सहावारी नेसली होती, जणू कुणी पाहणार होतं. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, सरांनी काळा फोम लावलेला माईक तिच्यापुढं ठेवला. ती त्या माईकला बघून बुजली. मी बटण दाबलं, हातानं खूण केली, तर ती म्हणाली, "सुरू झालं काय वं?" मी पुन्हा खूण केली. मग तिनं डोळे मिटले. आवाज खरखरत होता, वरच्या सुराला फाटत होता, मधे थांबून ती पाणी प्यायची. पण शब्द एक चुकला नाही. अकरा गाणी झाली. सगळ्यांत शेवटी तिनं मला निजवायची ते गाणं म्हटलं, 'निळ्या आभाळाच्या खाली माझ्या लेकराची शाळा', आणि ते म्हणताना तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत म्हटलं. सर बाहेर जाऊन उभे राहिले होते.

सोमवारी मी डिस्क लिहायला बसले. आरडब्ल्यू घ्यायची नाही हे मी पक्कं ठरवलं होतं, कुणाच्या हातून पुसली गेली तर? डीव्हीडी आमच्या घरच्या प्लेअरवर चालत नव्हती. म्हणून सीडी-आर, तीही सोनेरी, खोक्यावर आयुष्यभराची हमी छापलेली. पहिली डिस्क अर्धी होत आली आणि लाइट गेली, ती बाद झाली. दुसरी मी सगळ्यांत कमी वेगावर लावली आणि तासभर तिच्यासमोर बसून राहिले. ती नीट झाली. एकदा वाजवून पाहिली. सरांच्या कॉम्प्युटरमध्ये जागा कमी, मुलांच्या फायली दर शनिवारी पुसल्या जायच्या. सरांनी मला विचारलं होतं, "ही फाइल ठेवायची का?" आणि मी म्हणाले, "नको सर, सीडी-आर आहे. कधीच पुसली जाणार नाही." हे वाक्य मी किती ऐटीत म्हणाले होते ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला आणि कपडे आणायला घरी जाऊन आले. दवाखान्याच्या जिन्यात मला भेटले, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडं समाधान होतं. "सीडीवर मार्का टाकून आलो. टीव्हीवर तशीच पडून होती, बिना नावाची. कोणी बाजारातली समजून घेऊन गेलं असतं तर?"

मी दचकून विचारलं, "चमकत्या बाजूवर तर नाही ना लिहिलं?"

"मी काय येडा आहो काय? उलटी करून वरून लिहिलं. खाली मऊ फडकं अंथरलं, चमकत्या बाजूले बोट नाही लागू देलं. चांगलं दाबून लिहिलं, दहा वर्षं जाणार नाही."

"मग ठीक आहे," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी सीडी पाहिली होती. बॉलपेननं, त्यांच्या सुंदर वळणदार अक्षरात, भोकाच्या वर 'सौ. कौसल्याबाई, वाडी, नागपूर', खाली 'गाणी अकरा नग', आणि कडेनं गोल, 'जपून ठेवणे'. मला हसू आलं होतं आणि भरूनही आलं होतं. मी ती कव्हरात घालून कपाटात ठेवली.

मग जे महिने आले त्यांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. आई घरात होती आणि घर मुकं होतं. तिला आम्हाला बोलवायचं असलं की ती चमच्यानं ताट वाजवायची. बाबांनी गोदामातली जुनी बिल्टीबुकं आणली, त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती लिहायची. 'मीठ कमी'. 'दार लाव'. 'माशी'. गळ्यावरच्या भोकावर तिनं पांढऱ्या कापडाची झालर शिवली होती, खोकला आला की ती झालर उडायची. भाकरी तिनं पुन्हा थापायला घेतली, पण नुसता थापण्याचा आवाज यायचा, थप थप थप, आणि मागून गोदामाचा. ट्रक इतके आवाज करतात हे मला तेव्हा कळलं. ती पौर्णिमेला विहारात यायची बंद झाली. सीडीचं नाव आम्हा तिघांपैकी कोणी घेत नव्हतं.

एका दुपारी ती टीव्हीसमोर बसली आणि तिनं ताट वाजवलं. मी आले तर तिनं कपाटाकडे बोट दाखवलं. मी समजले. बाबा कामावर होते. मी डिस्क काढली, कडेनं धरून प्लेअरमध्ये घातली, आणि आम्ही दोघी जमिनीवर शेजारी शेजारी बसलो. ती झालर नीट करत होती.

"सुरू झालं काय वं?" आई टीव्हीतून म्हणाली.

माझ्या शेजारच्या आईनं माझा दंड धरला. मग टक. टक टक. टक टक टक. आकडे पुढं सरकले, मागं आले, परत टक टक. दुसरं गाणं लावलं, नुसती खरखर. तिसरं लागलंच नाही. मी डिस्क काढली, खालची बाजू पाहिली, आरशासारखी स्वच्छ, एक ओरखडा नाही. काही कळेना म्हणून ती खिडकीकडे धरली. आणि त्या सोनेरी तबकडीतून आरपार उजेड आला. अक्षरांतून. बाबांच्या पेनानं जिथं जिथं वळण घेतलं होतं, तिथं तिथं सोनं गेलेलं होतं. माझ्या बाजूनं ती अक्षरं उलटी दिसत होती, तरी वाचता येत होती. कौसल्याबाई. वाडी. नागपूर. अकरा नग. आईनंही वाचलं.

सर दुसऱ्या दिवशी काय म्हणाले ते सांगायला हवं, कारण ते दोन वाक्यांचं ज्ञान आहे आणि माझ्या रंगीत तक्त्यात ते नव्हतं. सीडीचं खालचं जाड प्लास्टिक म्हणजे नुसती काच. आवाज असतो तो वरच्या बाजूला, छापलेल्या नावाच्या लगेच खाली, लाखेच्या एका पातळ थराआड. डीव्हीडी असती तर तो दोन तबकड्यांच्या मधे सुरक्षित राहिला असता, तिच्यावर बाबांनी हवं ते लिहिलं असतं. सर म्हणाले, "पुस्तकात होतं हे. माझ्याकडून शिकवायचं राहिलं असेल." खालच्या बाजूचे ओरखडे घासून घालवता येतात. वरचे नाहीत. त्यांनी त्यांच्या रायटरमध्ये चार वेळा लावून पाहिली. एवढीच चार शब्दांची ओळ निघाली, ती आधीच ऐकलेली.

पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं, तरी आम्हा दोघींना सगळं कळलं होतं. मी रडायला लागले आणि म्हणाले, "बाबांनी..." आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. बिल्टीबुक ओढलं आणि लिहिलं, 'त्यायले सांगू नको'. मी म्हणाले, त्यांना कळणारच ना, ते एक दिवस लावतील. तिनं लिहिलं, 'मी लावू देणार नाही'. आणि तिनं दिलं नाही. त्यानंतर बाबा कधी भीत भीत विचारायचे, "लावू काय गाणी?" आणि ती जोरात मान हलवायची, तोंड फिरवायची, एकदा तर ताट आपटलं. बाबांचा चेहरा पडायचा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मीच तिले मागं लागून गायले लावलं होतं. आता तिले ऐकवत नसन. माह्यावर राग धरला तिनं." आई आत भाकरी थापत होती, तिनं ऐकलं असणार. तिनं त्यांचा तो गैरसमज तसाच राहू दिला, पुढचं दीड वर्ष, शेवटपर्यंत. नवऱ्याला आपला राग सोसू दिला, पण हे कळू दिलं नाही. याला प्रेम म्हणतात हे मला मान्य आहे. ते पाहणं फार वाईट होतं, हेही मी लिहून ठेवते.

आजार फुप्फुसात उतरला आणि ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातल्या बायका आल्या, भंतेजींनी सुत्तं म्हटली, लोक जेवून गेले. दुपार कलल्यावर बाबांनी स्वतःच कपाट उघडलं. "आता तर ती नाही म्हणणार नाही," ते म्हणाले. मी त्यांना अडवू शकले असते. कसं अडवायचं ते सुचलं नाही.

"सुरू झालं काय वं?"

बाबा हसले. खरंच हसले, आणि टीव्हीच्या जवळ सरकले. मग टक टक. त्यांनी डिस्क काढली, बनियननं चमकती बाजू हळूच पुसली, परत लावली. पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदा काढली तेव्हा ते तिला दाराच्या उजेडाकडे धरायला निघाले, आणि मी ती त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावली.

"बाबा, माझ्यामुळं झालं. मी चुकीच्या प्रकारची डिस्क घेतली. दुसरी घ्यायला पाहिजे होती. ही खराब होते, आपोआप."

"तू तर शिकली होती ना वं हे," ते म्हणाले. रागानं नाही. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, आणि तेवढं एक वाक्य सोडलं तर त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मी खोटं बोलले असं मला वाटत नाही. चमकती बाजू सांभाळा असं मीच सांगितलं होतं. आता दोघंही नाहीत म्हणून हे कागदावर आणते आहे.

त्या दुपारी त्यांनी प्लेअरचं बटण बंद केलं. वायर गुंडाळली. मग मला विचारलं, "तुले आठवते काय तिचा आवाज?"

"हो," मी म्हणाले.

"मग म्हण एक."

मला एकच गाणं थोडंफार येत होतं. मी भिंतीला टेकून बसले आणि म्हटलं, 'निळ्या आभाळाच्या खाली माझ्या लेकराची शाळा', आणि पुढची ओळ, आणि तिच्या पुढची अर्धी. मी तिच्यासारखं नाकातून, जाड, ठाम म्हणायचा प्रयत्न केला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, मान एका बाजूला, बिल्टी तपासताना करायचे तशी. माझे शब्द संपले तसे त्यांनी डोळे उघडले.

"नाही," ते म्हणाले. "असा नव्हता."